चाळीसपैकी तीस घरं

*ताई, नमस्कार.*

*मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करतो. थोरली मुलगी आठवीत आहे. अभ्यासात बरी आहे, पण सातवीपर्यंत चारचौघांत तोंड उघडत नव्हती. यंदा शाळेतल्या बाईंनी तिला विज्ञान मंडळाची सचिव केलं. कारण काय, तर अक्षर चांगलं आहे. दर शनिवारी सभा असते. ही इतिवृत्त लिहिते आणि पुढच्या सभेत वाचून दाखवते.*

*दिवाळीआधी मंडळातल्या चार मुलींनी एक पाहणी करायची ठरवली. आमच्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, लोक ते कशात साठवतात, किती दिवस पुरवतात. प्रत्येकीला दहा घरं, मिळून चाळीस. हिच्या जिवलग मैत्रिणीनं तिचे दहा फॉर्म घरी बसूनच भरले. दहाही घरांची उत्तरं सारखीच, ते हिच्या लक्षात आलं. हिनं भर सभेत बाईंना सांगितलं. बाईंनी ते दहा फॉर्म बाजूला काढले. तेव्हापासून मैत्रीण बोलत नाही, डबा वेगळा खाते. गल्लीतल्या पोरी हिला चुगलखोर म्हणतात. पोरगी रोज रडते आणि मंडळ सोडते म्हणते.*

*माझा पुतण्या इंजिनिअर झाला. कंपनीच्या लेखी परीक्षेत पास आणि गटचर्चेत बाद. सगळे म्हणाले, सॉफ्ट स्किल्स नाहीत. म्हणून मला वाटतं, हिला मंडळातून काढावं आणि मे महिन्यात व्यक्तिमत्त्व विकासाच्या दहा दिवसांच्या शिबिराला घालावं. फी सहा हजार आहे. बायको म्हणते, राहू दे तिला मंडळात. ती स्वतः बचत गटाची अध्यक्ष आहे. मी काय करू? त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन मिटवू का? बाईंना भेटू का?*

*— एक वडील, इचलकरंजी*

दादा, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारणं मागाहून सांगते. मुलीला मंडळातून काढू नका. सहा हजार रुपये सध्या घरातच राहू द्या. मैत्रिणीच्या घरी जाऊ नका. बाईंना मात्र जरूर भेटा, पण तक्रार घेऊन नव्हे. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. सातवीपर्यंत जी मुलगी चारचौघांत बोलत नव्हती, ती आठवीत भर सभेत उभी राहिली आणि आपल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचे फॉर्म खोटे आहेत, असं म्हणाली. दादा, हे किती अवघड असतं ते आठवून बघा. मोठी माणसं आयुष्यभर हे टाळतात. हिशेबात घोळ दिसतो, पण समोरचा ओळखीचा असतो, म्हणून गप्प बसतात. तुमची तेरा-चौदा वर्षांची पोर गप्प बसली नाही. तिनं ते कसं सांगितलं याबद्दल मला पुढे थोडं बोलायचं आहे, कारण तिथे तिला शिकायला जागा आहे. पण सांगितलं, हे तिनं चांगलंच केलं. आणि तुम्ही तिला हे अजून एकदाही म्हणाला नसाल, असं पत्रावरून वाटलं. आज रात्री म्हणा.

सॉफ्ट स्किल्स हा शब्द आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातींतून आला, त्यामुळे त्याचा अर्थही तसाच झाला: इस्त्रीचे कपडे, फाडफाड इंग्रजी, हसून हात मिळवणं. हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात दहा जीवन कौशल्यांची यादी केली होती, ती आपल्या शिक्षकांना प्रशिक्षणांमधून चांगली माहीत आहे. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या भावना समजून घेणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, चिकित्सक विचार, नवा विचार, नीट संवाद, नाती सांभाळणं, ताण सोसणं, भावना आवरणं. यादीत इंग्रजी कुठेच नाही. आणि तुमच्या लेकीच्या गेल्या दोन महिन्यांत यातलं बहुतेक सगळं येऊन गेलं आहे. काही जमलं, काही जमलं नाही म्हणून ती रडते आहे.

तुम्ही जॉबर आहात, म्हणून तुमच्याच कामाचं बोलते. माग दुरुस्त करायला तुम्ही कुठे शिकलात? कुणी फळ्यावर आकृती काढून शिकवलं असेल तर ते थोडंच असेल. माग बंद पडला, कामगार शेजारी उभा आहे, त्याची मजुरी विणलेल्या कापडावर आहे, प्रत्येक मिनिटाला त्याचे पैसे बुडताहेत, आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्या हाताकडे आहे. अशा वेळी हात बसतो. आधी चुकतो, बोलणी खातो, मग बसतो. शाळेतल्या मंडळात मुलं जे शिकतात, ते याच रीतीनं शिकतात. आपण काम केलं नाही तर दुसऱ्याचं अडतं, हे डोळ्यांसमोर दिसावं लागतं. शिबिरात ते दिसत नाही. तिथे दहा दिवस सगळेच पाहुणे असतात. कुणी तुमच्यावर विसंबून नसतं, कुणाशी भांडून पुन्हा सोमवारी एकाच बाकावर बसायचं नसतं. शिबिर वाईट, असं मी म्हणत नाही. पाठ केलेलं भाषण माईकवर बोलण्याची भीती तिथे जाते, आणि ते थोडं नाही. पण तुम्हाला तुमच्या पुतण्याचं जे झालं ते टाळायचं आहे, आणि त्यावर हा उपाय नाही.

आता त्या सचिवपदाबद्दल. अक्षर चांगलं म्हणून तिला सचिव केलं, हे तुम्ही जरा नाराजीनं लिहिलंय. मलाही आधी तसंच वाटलं. पण इतिवृत्त लिहिणं म्हणजे काय काम आहे, ते पाहा. वीस-पंचवीस मुलं बोलताहेत, एकमेकांचं तोडताहेत, मध्येच क्रिकेटचा विषय निघतो. या गोंधळातून नेमकं ठरलं काय, कुणी करायचं, कधीपर्यंत, एवढंच तिला वेचायचं आहे. म्हणजे पूर्ण सभाभर तिला ऐकावं लागतं. बोलणाऱ्याला स्वतःचं आठवतं, लिहिणारीला सगळ्यांचं आठवावं लागतं. दोन मुलांचं पटलं नाही, तर दोघांचं म्हणणं असं लिहावं लागतं की पुढच्या सभेत दोघांनीही ‘हो, मी हेच म्हणालो होतो’ असं म्हणावं. तिला स्वतःला एकाचं पटलेलं असतं, तरी. आणि मग शनिवारी उभं राहून ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे’ म्हणायचं. कुणी म्हणतं, मी असं बोललोच नव्हतो. तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. भाषणाला टाळ्या असतात. इतिवृत्ताला फक्त हरकती असतात. मुक्या मुलीला बोलतं करायला याहून चांगली पायरी मला माहीत नाही, कारण हातात वही असते, आणि वहीच्या आधारानं बोलायला धीर येतो. बाईंनी हे विचारपूर्वक केलं की नुसतं अक्षर बघून, ते मला माहीत नाही. पण झालं ते बरं झालं.

वहिनींना हे कळतं, असं मी वर म्हटलं ते उगाच नाही. बचत गटाची पहिली सभा कशी झाली होती, ते त्यांना विचारा. बहुतेक गटांत सुरुवातीला बायका नाव सांगायलाही लाजतात. मग दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बसायचं, बचत गोळा करायची, कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर बोलायचं, हप्ता चुकवलेल्या शेजारणीला तो मागायचा आणि तिच्याशी शेजारधर्मही टिकवायचा, वही सगळ्यांसमोर वाचायची. वर्षभरात त्याच बाई बँकेत जाऊन साहेबांच्या समोर खुर्चीत बसून बोलतात. त्यांना कुठे कुणी व्यक्तिमत्त्व विकास शिकवला? पैसे खरे होते, हिशेब खरा होता, शेजारीण खरी होती, म्हणून ते आलं. तुमच्या लेकीच्या मंडळाची आणि तुमच्या मंडळींच्या गटाची रीत एकच आहे. हप्ता थकवलेल्या मैत्रिणीशी वहिनी कशा बोलतात, हे लेकीला आईनं सांगावं. आत्ता तिला त्याचीच गरज आहे.

आता तो भांडणाचा विषय, जो तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देतो आहे.

मैत्रिणीनं फॉर्म घरी बसून का भरले असतील? आळस असेल. पण मी इतकी वर्षं शाळेत काढली आहेत, त्यावरून सांगते, बऱ्याचदा कारण दुसरंच असतं. अनोळखी घराची कडी वाजवायची, ‘काकू, आम्ही शाळेतून आलोय, पाच मिनिटं बोलाल का’ म्हणायचं, हे आठवीच्या मुलीला सोपं नसतं. कुणी दारातूनच हाकलतं, कुणी म्हणतं, पाणी आणून देणार का तुम्ही? एखाद्या घरात कुत्रं असतं. एखाद्या घरात फक्त पुरुष माणूस असतो आणि मुलीला आत जायला नको वाटतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलेलं नसतं. कदाचित घरून संध्याकाळी बाहेर पडायला परवानगी मिळाली नसेल. आपली मैत्रीण पटापट दहा घरं करून आली आणि मला दोनही जमली नाहीत, ही लाज वाटली असेल. मग फॉर्म घरी भरले गेले. खोटं ते खोटंच, पण खोट्याच्या मागे काय होतं ते तुमच्या लेकीनं विचारलं नाही. आधी एकटीला गाठून ‘हे दहाही सारखे कसे गं? तू गेली होतीस ना?’ एवढं विचारलं असतं, तर मैत्रिणीला वाट मिळाली असती. दोघी मिळून रविवारी ती दहा घरं करू शकल्या असत्या. भर सभेत सांगितल्यावर तिला मागे फिरायला जागाच उरली नाही.

हे लेकीला रागानं सांगू नका. तिचं चुकलं ते फक्त क्रमात. आधी मैत्रीण, मग गरज पडली तर बाई. हा क्रम कुणी तिला शिकवलेला नव्हता, आणि तो पुस्तकात वाचून येतही नाही. आता तो तिला आयुष्यभर आठवेल. सहा हजारांच्या शिबिरात हा धडा ठेवता येत नाही, दादा. त्यासाठी खरे फॉर्म लागतात, आणि खरी मैत्रीणही.

तिनं आता काय करावं? माफी मागावी का, हा प्रश्न ती तुम्हाला विचारेल. फॉर्म खोटे आहेत असं म्हटल्याबद्दल माफी मागू नये, कारण ते खरं होतं. सगळ्यांसमोर म्हटल्याबद्दल मागावी. दोन गोष्टी वेगळ्या काढून बोलायला तिला शिकवा. काहीसं असं: ‘मी सगळ्यांसमोर बोलले, तुला वाईट वाटलं, ते माझं चुकलं. फॉर्म मात्र मला खरेच हवे होते. आपण उरलेली दहा घरं बरोबर करूया का?’ शब्द तिचे तिनं निवडावेत, मी फक्त सांगाडा दिला. आणि समोरून लगेच होकार येईल, असं तिला सांगू नका. आठवडा जाईल, महिना जाईल. कदाचित ही मैत्री परत पूर्वीसारखी होणारही नाही. तेही सोसायला शिकायचं वय हेच आहे, आणि घर पाठीशी असेल तर मूल ते सोसतं.

म्हणूनच मैत्रिणीच्या घरी जाऊ नका, असं म्हटलं. तुम्ही गेलात की भांडण दोन मुलींचं राहत नाही, दोन घरांचं होतं. मग मुली मिटवायला तयार असल्या तरी मोठी माणसं मिटवू देत नाहीत. गल्लीतल्या पोरी चुगलखोर म्हणतात, त्याचाही बाऊ करू नका, मात्र कानाआड करू नका. रोज रोज ठरवून एकटं पाडणं, वही लपवणं, फोनच्या गटात नाव घालून खिल्ली उडवणं असं काही सुरू झालं, तर तो वेगळा विषय आहे. तिथे मोठ्यांनी लगेच पडलंच पाहिजे, आणि शाळेला लेखी कळवलं पाहिजे.

बाईंना भेटाल तेव्हा हे विचारा. त्या तीस फॉर्मचं पुढे काय होणार आहे? कारण माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ते तीस खरे फॉर्म. चाळीस घरांच्या पाहणीतली दहा खोटी असण्यापेक्षा तीसच घरं, पण खरी, हे विज्ञान आहे. मुलांनी अहवालात तसं लिहावं: चाळीस घरांची पाहणी ठरवली होती, तीस पूर्ण झाली. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून भरते, दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. तिथे मुलं आपल्याच गावातला प्रश्न घेऊन गटानं पाहणी करतात आणि आपल्या भाषेत, मराठीत, मांडतात. पाण्याचा हा विषय तिथे शोभेल असा आहे. मी ज्या प्रकल्पांची छाननी केली, त्यांत देखण्या तक्त्यांचे प्रकल्प खूप होते. ‘इथे आमचं चुकलं’ असं लिहिलेले फार थोडे. जे होते ते मला आजही आठवतात.

दुसरं विचारा, मंडळात कामं फिरतात का? वर्षभर एकच अध्यक्ष, एकच सचिव, बाकीची मुलं फक्त बसायला, असं असेल तर बाईंना विनंती करा. स्काऊट-गाईडमध्ये याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. मुलं मुद्दाम वेगवेगळ्या थरांतली घेतली, श्रीमंत शाळांतलीही आणि कष्टकऱ्यांचीही, आणि त्यांच्या चार छोट्या तुकड्या करून प्रत्येकीचा नायक त्यांच्यातूनच नेमला. सहा-आठ मुलांच्या तुकडीत लपायला जागा नसते. चाळीस मुलांच्या मंडळात असते. आपल्या शाळांत स्काऊट-गाईडचा ‘खरी कमाई’ उपक्रम होतो, मुलं भेळ, सरबत विकतात. तिथेही मी हेच पाहिलं की जिथे पाच-सहा मुलांनी स्वतः भांडवल काढलं, भाव ठरवला, संध्याकाळी उरलेल्या भेळेचं काय करायचं यावर वाद घातला, तिथे मुलं मोठी झाली. जिथे आयांनी डबे भरून दिले आणि मुलं नुसती मागे उभी राहिली, तिथे फोटो तेवढे चांगले आले.

तिसरं, माईक कुणाच्या हातात असतो आणि रांगोळी कोण काढतं? कार्यक्रम आला की मुलींना स्वागतगीत, रांगोळी, पाहुण्यांना चहा, आणि मुलांना सूत्रसंचालन, ध्वनियंत्रणा, बाहेरची धावपळ. हे इतकं अंगवळणी पडलंय की चांगल्या शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. पाहुण्यांशी बोलणं, मंडपवाल्याशी भाव करणं, ऐन वेळी वीज गेली की निर्णय घेणं, हे शिकायचं असेल तर ते काम मिळावं लागतं. तुमच्या लेकीला ते मिळावं. आणि मुलांनीही चहा करून द्यावा, पाहुण्याला हवं नको विचारावं. ते त्यांना कुणी शिकवतच नाही.

हे मी मोठ्या तोंडानं सांगते आहे खरी, पण माझ्या हातून जे झालं तेही सांगायला हवं. मी एका शाळेत बरीच वर्षं नाट्यमंडळ चालवलं. आमची एकांकिका स्पर्धेत जायची, बक्षीसही यायचं. बक्षीस यावं म्हणून मी दरवर्षी धीट, देखणी, स्पष्ट बोलणारी तीच सात-आठ मुलं घ्यायची. एक अबोल मुलगा तीन वर्षं पडदा ओढायला होता. कधी चुकला नाही, कधी उशिरा आला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तो मला एस.टी. स्टँडवर भेटला, त्याच्या मुलीला घेऊन. बोलता बोलता म्हणाला, ‘बाई, तिन्ही नाटकं मला सगळ्यांच्या भूमिकांसकट पाठ होती. पण तुम्ही कधी विचारलंच नाही.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र ते वाक्य सोडत नाही. ज्या मुलांना मंडळाची गरज सगळ्यात कमी होती, त्यांनाच मी ते दिलं. बक्षिसाच्या मागे लागलेल्या प्रत्येक शाळेत हे होतं. म्हणून तुमच्या बाईंनी एका मुक्या मुलीच्या हातात वही दिली, याचं मला इतकं अप्रूप वाटलं.

मंडळ आहे म्हणून आपोआप सगळं येतं, असं मात्र समजू नका. अमेरिकेत जोसेफ डरलॅक, रॉजर वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेनंतर चालणाऱ्या अशा अनेक उपक्रमांचे अभ्यास एकत्र करून २०१०मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे कौशल्यं पायरीपायरीनं, प्रत्यक्ष करून, त्यासाठी वेळ राखून आणि काय शिकायचंय हे स्पष्ट ठरवून शिकवली जात होती, तिथे मुलांचा आत्मविश्वास, वागणूक, शाळेशी नातं आणि अभ्याससुद्धा सुधारला. जिथे तसं नव्हतं, तिथे फरक दिसला नाही. आपल्याकडेही कागदावरची मंडळं कमी नाहीत. जूनमध्ये उद्घाटन, फलकावर पदाधिकाऱ्यांची नावं, फेब्रुवारीत विज्ञान दिन, संपलं. तुमच्या लेकीचं मंडळ दर शनिवारी बसतं, भांडतं, पाहणी करतं. हे दुर्मीळ आहे, ते सोडवू नका.

आता पुतण्या. गटचर्चेत सात-आठ मुलांना एक विषय देतात आणि बघत बसतात. बोलण्यात कोण पुढे, एवढंच त्यात बघत नाहीत. कोण दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घालतो, कोण गप्प असलेल्याला बोलायला वाट करून देतो, विषय भरकटला की कोण परत आणतो, पटत नसेल तर कोण चिडल्याशिवाय सांगतो. हे सगळं तुमची लेक दर शनिवारी करते आहे किंवा करायला शिकते आहे. पुतण्याला शाळा-कॉलेजात ही संधी मिळाली का, ते विचारा. दहावी झाली, बारावी झाली, क्लास, क्लास, क्लास, असंच उत्तर येईल, असा माझा अंदाज आहे. त्याचंही अजून काही बिघडलेलं नाही. गणपती मंडळाचा हिशेब हातात घेऊ दे, वर्गणी मागायला दारोदार जाऊ दे, खर्चाचा तक्ता सगळ्यांसमोर वाचू दे. हरकती घेणारे तिथे भरपूर भेटतील.

अभ्यासाची काळजी तुम्ही फारशी लिहिली नाहीत, पण ती मनात असणार. शनिवारची सभा आणि पाहणीचे काही तास, एवढ्यानं आठवीतल्या मुलीचा अभ्यास बुडत नाही. बुडायला लागला, शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या तोंडावर काम वाढलं, तर तिनं स्वतः सभेत सांगावं की दोन महिने मला जमणार नाही, आणि वही दुसऱ्या कुणाला नीट समजावून द्यावी. नाही म्हणणं आणि जबाबदारी नीट सोपवणं, हेही तिनं शिकायचंच आहे. रडत, न सांगता मंडळ सोडू नये. पुढच्या वर्षी सोडायचं असेल तर जरूर सोडू दे. तिला चित्रकला आवडेल, खो-खो आवडेल. मंडळ कोणतं, याला मी फार महत्त्व देत नाही.

ते सहा हजार वाचले, त्यातून एक करा. तुमच्या गावातल्या ग्रंथालयाची, आपटे वाचन मंदिराची, वर्गणी भरा आणि महिन्यातून दोनदा तिला घेऊन जा. वाचलेल्यावर घरी बोला. तुमच्या दोन पाळ्यांच्या मध्ये वेळ निघणं अवघड आहे, मला कळतं. जमेल तसं करा.

आणि घरी रोज ‘आज शाळेत काय शिकवलं’ विचारता, त्याऐवजी शनिवारी रात्री विचारा, ‘आज सभेत कुणाचं म्हणणं तुला पटलं नाही? मग तू काय लिहिलंस?’ उत्तर लांब आलं तर मध्ये तोडू नका.

एक शेवटचं. रविवारी सकाळी ती मैत्रिणीकडे जाऊन उरलेल्या दहा घरांचं विचारणार असेल, तर जाऊ दे. संध्याकाळी घरं करायला निघाल्या तर दोघींनी मिळूनच जावं, ओळखीच्या गल्लीतच, उजेड असेपर्यंत, आणि ज्या घरात बाई नसेल ते घर सोडून पुढे जावं. ते फॉर्मवर लिहावं, घर सोडलं. मैत्रीण तुमच्या घरी आली, तर वहिनींनी दोघींसमोर पोहे ठेवावेत आणि बाहेरच्या खोलीत यावं. तुम्ही घरी असाल तर तुम्हीही बाहेरच बसा. आतून आवाज चढले तरी जाऊ नका. पुढे काय झालं, ते मला कळवा.

तुमची,
ताई